मंगळावरची तहकूब सभा

आमच्या गल्लीत दर रविवारी संध्याकाळी मंगळावरची सभा तहकूब व्हायची.

गल्ली सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली, आणि सभा तहकूब करणारे गृहस्थ म्हणजे आमच्या समोरच्या घरातले रेवणप्पा. त्यांना सगळी गल्ली चेअरमन म्हणते. उन्हं उतरली की ते आपल्या दारात हातांची लाकडी खुर्ची आणून मांडायचे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. पेनात शाई नसते, ते मी बघितलंय. गल्लीच्या पलीकडच्या अंगाला गटार, आणि गटारापलीकडं एका बंद घराची दगडी पायरी. त्या रिकाम्या पायरीकडं बघून ते घसा साफ करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "सूर्यमाला ग्रह-उपग्रह सहकारी महासंघ मर्यादित, या संस्थेची सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही."

मग ते बसून राहायचे. अर्धा तास व्हायच्या जरा आधी उठायचे, खुर्ची उचलायचे आणि आत जाऊन दार लावून घ्यायचे. सभा काही व्हायची नाही.

ज्यांनी आयुष्यात एकदा तरी एखाद्या सोसायटीची सभा बघितली आहे, त्यांना यातली मेख ठाऊक असेल. सभासद सभेला येत नाहीत, हे आपल्या सहकार चळवळीनं फार पूर्वीच ओळखलंय. म्हणून सोय करून ठेवली आहे. पुरेशी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब करायची, अर्धा तास चहा प्यायचा, आणि मग जे कोणी उरले असतील त्यांनी हवे ते ठराव मंजूर करून घ्यायचे. एकटा माणूस असला तरी चालतो. अर्ध्या महाराष्ट्राचा कारभार या अर्ध्या तासावर चाललाय म्हणा ना. पण चेअरमन तो अर्धा तास कधी पुरा होऊ देत नसत, आणि का, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

खरं तर ते कधीच कुठले चेअरमन नव्हते. एका विणकर सोसायटीचे ते सेक्रेटरी. चेअरमन यायचे, जायचे, पडायचे, पाडले जायचे. हे खुर्चीमागं उभे राहून विषयपत्रिका वाचायचे. पुढं ती सोसायटी अवसायनात गेली. म्हणजे बुडालीच, पण सरकारी मराठीत. माग भंगारात निघाले, कपाटं लिलावात गेली, आणि ज्या खुर्चीमागं उभं राहून उभी नोकरी काढली ती खुर्ची रेवणप्पांनी लिलावात घेऊन घरी आणली. पत्नी आधीच गेलेली, मुलगी टेंभुर्णीला दिलेली. घरात ते आणि खुर्ची.

गल्लीच्या पार शेवटच्या घरात मल्लेशमअण्णा राहायचे. त्याच सोसायटीत जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. घरात तेलुगू, बाहेर त्यांचं स्वतःचं मराठी, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "लेदू!" लेदू म्हणजे नाही. चहा घेणार का विचारलं तरी आधी लेदू म्हणायचे आणि मग कप उचलायचे. सोसायटी बंद पडली तरी या दोघांची रविवारच्या सभेची सवय सुटेना. एक दिवस टीव्हीवर मंगळावर वस्ती करणार म्हणून बातमी लागली, तेव्हा अण्णा म्हणाले, "लेदू! तितं पन सोसायटीच काढतील बघ. आनि तितं पन बुडवतील."

"मग पोटनियम आत्ताच पक्के करायला पायजेत," रेवणप्पा म्हणाले.

झालं. दोनशे वर्षांनी माणूस सगळ्या सूर्यमालेत पसरणार, तेव्हा भांडणं होणारच, मग घटना आधीच तयार असलेली बरी, या दूरदृष्टीनं महासंघ स्थापन झाला. अंतराळ अमर्याद असलं तरी संघ मर्यादित. रेवणप्पा मंगळाकडून आणि पदसिद्ध अध्यक्ष. मल्लेशमअण्णा शनी व त्यापलीकडच्या सर्व बाह्य ग्रहांकडून, आणि एकमेव विरोधी पक्ष. अध्यक्ष खुर्चीत, विरोधी पक्ष पायरीवर, मधे गटार. गटाराला ते पोकळी म्हणत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला हे कसं सहन व्हावं? एकदा कपडे वाळत घालताना मी वरून ओरडले, "काका, मंगळावर श्वास घेण्याजोगी हवा नाही!"

"त्ये टेक्निकल झालं, मॅडम," चेअरमन म्हणाले. "टेक्निकल कमिटी बघंल. आपन आधी कोरमचं बघायचं." मग आवाज बदलून, ण जिथल्या तिथं ठेवून म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय. समोरच्या मॅडमना तज्ज्ञ संचालक म्हणून घेण्यात येत आहे. त्यांना मताधिकार राहणार नाही."

"लेदू!" पायरीवरून आवाज आला. पण मंजूर झालं. तेव्हापासून मी महासंघाची तज्ज्ञ. मत नाही, मान नाही, आणि गणपूर्तीत मोजतसुद्धा नाहीत. शेंगाचटणीची वाटी मात्र प्रत्येक सभेला माझ्याकडून जायची, आयत्या वेळचा विषय म्हणून.

त्यांचं राजकारण मी गच्चीवरून ऐकत असे, आणि हळूहळू मलाही त्याची चटक लागली. शुक्राची शाखा उकाड्यामुळं बंद. चंद्र हा कायमचा नाराज सभासद, जवळ असूनही विचारत नाहीत म्हणून. प्लूटोचं नाव कमी केलं होतं, ते मल्लेशमअण्णांनी भांडभांडून परत लावून घेतलं. "ल्हान हाय म्हनून काढतंय काय? शेवटी हाय म्हनून काढतंय काय? मग माझं घर पन काढ की गल्लीतनं!"

आणि मूळ भांडण बर्फाचं. शनीच्या कड्यांत बर्फ, तो वितळवून पाणी मंगळाला. कुठल्या ग्रहाला कधी आवर्तन सोडायचं ते मंगळावर बसून ठरणार. "बर्फ आमचा, मिटिंग तुमची. असं कसं जमतंय वो?" अण्णा उठून उभे राहत. आता आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि चेअरमनच्या दारात धो धो येणारं पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचताना करंगळीएवढं होतं, हे ज्याला माहीत आहे त्याला शनीची बाजू समजावून सांगावी लागत नाही. टेलच्या, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाचं दुःख सगळीकडं सारखंच.

मतदान व्हायचं. एक मत बाजूनं, एक विरोधात. समसमान झालं की अध्यक्षांचं निर्णायक मत. रेवणप्पा पेन उचलून दुसरा हात वर करायचे आणि मंगळ जिंकायचा. दर रविवारी. वर्षानुवर्षं. शनी एकदाही जिंकला नाही.

"तुजी दोन मतं, माजं एक," अण्णा म्हणायचे. "ही कसली लोकशाही रे रेवणप्पा?"

"पोटनियमात हाय."

अण्णांनीही एक पोटनियम घालून घेतला होता. रेवणप्पा मुलीकडं टेंभुर्णीला जाऊन ओळीनं रविवार चुकवायला लागले तेव्हा अण्णा इतके चिडले, की तीन सभांना जो गैरहजर राहील त्याचं नाव सभासदांतून कमी, असा ठराव त्यांनी मांडला. तेवढा एक ठराव एकमतानं मंजूर झाला होता. यातला कागद मात्र एकही नाही. सगळं तोंडी. "लिहिलं की ऑडिट लागतंय," असं चेअरमनचं म्हणणं.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी अण्णांनी अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव मांडला. खेळीमेळीत नाही. पाणी सहा दिवस आलं नव्हतं आणि अण्णा खरेच तापले होते. "अध्यक्ष बदला. न्हायतर शनी संघातनं बाहेर." रेवणप्पांचाही चेहरा उतरला. पुढच्या सभेत मतदान, असं ठरलं. पुढच्या सभेला अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. घराला कुलूप. गल्ली म्हणाली, मुलाकडं भिवंडीला गेले, भांडून गेले. रेवणप्पा रागारागात दोन्ही रविवारी अर्धा तास थांबले, तहकूब सभा सुरू केली, पायरीकडं बोट करून "विरोधी पक्ष गैरहजर" असं जाहीर केलं आणि आत गेले.

तिसऱ्या रविवारपासून ते अर्धा तास पुरा होऊ देईनासे झाले.

आणखी एक सवय त्यांना तेव्हाच लागली. पाणी यायच्या दिवशी पहाटे स्वतःची घागर भरायच्या आधी ते गल्लीच्या शेवटाला जायचे, अण्णांच्या कुलूपबंद घराबाहेरचा नळ सोडायचे, धार बघायचे आणि बंद करून परत यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "टेलला पोचतंय का बघतो." कुणासाठी पोचायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

कोपऱ्यावरचे सत्तारभाई टेलर स्वभावानं फार चांगले, पण माणूस गप्प बसलेला त्यांना बघवत नाही. चेअरमन एकटेच बसतात याचं त्यांना वाईट वाटे. म्हणून एका रविवारी त्यांनी दुकानातलं स्टूल आणलं, चहा सांगितला, गल्लीतली चार माणसं गोळा केली आणि चेअरमनना घेराव घातला. मीही खाली उतरले. छान गप्पा झाल्या. चेअरमन खुलले. बुधावर उन्हाची पाळी कशी लावली ते त्यांनी रंगवून सांगितलं. आणि मग नेहमीच्या वेळेला ते उठायला लागले, तसा सत्तारभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बैठो जी, चेअरमनसाब. अब्बी आधा घंटा होता. आज सभा होकोच जाने दो. कायकू भागते हर बखत?"

"सोड सत्तार."

"नक्को. आज सब मेंबर हैं."

माणसं हसत होती. कुणीतरी घड्याळ बघून "झालं, झालं" म्हणालं. रेवणप्पांनी एक हिसडा दिला, चहाचा कप गटारात गेला, आणि ते जन्मात कधी ओरडले नव्हते तसे ओरडले, "साकु! साकु!" कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. रागाच्या भरात माणूस घरच्या भाषेत जातो, आणि त्यांचं घर मूळ अक्कलकोटकडचं. खुर्ची ओढत ते आत गेले आणि दार आपटलं.

"मैं क्या गलत बोला, मॅडम?" सत्तारभाईंचा चेहरा बघवेना.

मी शेंगाचटणीची वाटी घेऊन दार वाजवलं. "आयत्या वेळचा विषय," म्हटलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. ते खुर्चीत नव्हते. भिंतीला टेकून खाली बसले होते.

"सभा झाली असती तर काय बिघडलं असतं, काका?"

"मल्लेशम गैरहजर लागला असता," ते म्हणाले. "दोन लागल्यात. मीच लावल्या, रागानं. तिसरी लागली की नाव कमी. त्याचाच नियम हाय." मग म्हणाले, "सभा तहकूब ऱ्हायली, की झालीच न्हाय. सभाच झाली न्हाय तर गैरहजर कोन?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. अण्णा भांडून गेले नव्हतेच. अविश्वासाचा ठराव मांडून ते घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगा रात्रीतच येऊन भिवंडीला घेऊन गेला. रेवणप्पांना कळलं दोन आठवड्यांनी. तेव्हापासून ते सुनेला फोन करतात, तब्येत विचारतात, आणि ती "अण्णांना देऊ का?" म्हणाली की नको म्हणून ठेवून देतात.

"नको कशाला?"

"त्याला बोलता येत न्हाय, मॅडम. मी बोलायचं आनि त्यानं गप ऐकायचं? असं कदी झालंय का?" त्यांनी वाटीतली चटणी उगाच चिमटीत धरली. "आनि वळखलंच न्हाय तर? गल्ली आमाला हसत हुती, मला म्हाईत हाय. हसू दे की. पन दोघं बोलत हुतो तवर त्यो संघ हुता. एकटा बोलाय लागलो तर मी येडाच की."

विज्ञानात याला उत्तर नाही. पण तज्ज्ञ संचालक म्हणून मला सल्ला देण्याचा अधिकार होता, तो मी वापरला. कोरोनात सगळ्या संस्थांच्या सभा मोबाईलवर झाल्या होत्या आणि चालून गेल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, पोटनियमात बसत नाही. मी म्हटलं, बसवा. रात्रभर, आठवडाभर ते त्याच्यावर विचार करत असावेत, कारण शनिवारी त्यांनी शर्ट इस्त्रीला टाकला आणि मला वरून हाक मारून म्हणाले, "उद्या तुमचा फोन घिऊन या. मोठ्या काचंचा."

रविवारी फोन कुठं ठेवायचा यावरून वाद झाला. मी म्हणत होते, हातात धरा, जवळून दिसेल. ते ऐकेनात. विरोधी पक्ष समोरच बसला पाहिजे. मग पोकळीपलीकडच्या पायरीवर एक वीट ठेवली आणि तिला फोन टेकवला. सत्तारभाई आपणहून फोनमागं उकिडवे बसले, तो पडू नये म्हणून. भिवंडीला सुनेनं फोन उचलला. आधी छत दिसलं, मग पंखा, मग मल्लेशमअण्णा. केवढे लहान झाले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, नजर कुठंतरी खाली.

"मामय्या, चूडंडी," सून सांगत होती, बघा म्हणून. "सोलापूर. रेवणप्पामामा."

"मल्लेशम," चेअरमननी हाक मारली. "वळखलास का?"

मग ओठ हलले. "लेदू."

चेअरमन खुर्चीत मागं टेकले. सून घाईनं म्हणाली, "तसं न्हाई मामा. आता तेवढं एकच येतंय त्यांना. सगळ्यालाच लेदू म्हनतात." पण आमच्यापैकी कुणालाच काही खात्री नव्हती.

रेवणप्पा उठून उभे राहिले. घसा साफ केला. "सूर्यमाला ग्रह-उपग्रह सहकारी महासंघ मर्यादित. उपस्थित सभासद दोन. गणपूर्ती झाली आहे. सभा सुरू करण्यात येत आहे. विषय क्रमांक एक. विद्यमान अध्यक्षांवर अविश्वास. सूचक, बाह्य ग्रहांचे प्रतिनिधी. ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

काचेवर अण्णांची नजर हळूहळू वर आली. उजवा हात मांडीवर पडून होता, तो तसाच राहिला. मग डावा हात हलला. आधी बोटं, मग मनगट. सून मदत करायला गेली तसा त्यांनी तिचा हात झटकला. आणि तो हात, थरथरत, कानाच्या वर गेला आणि तिथं राहिला.

सत्तारभाई फोनच्या मागं असल्यामुळं त्यांना काही दिसत नव्हतं. "क्या हुआ? क्या हुआ?" ते विचारत होते.

"बाजूने एक," रेवणप्पा म्हणाले. "विरोधात?"

त्यांचे दोन्ही हात शर्टाच्या बाजूला सरळ होते. एक मत त्यांचं होतं, आणि समसमान झालं तर निर्णायक मतही त्यांचंच. त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं, नियमाप्रमाणं थोडं थांबले. "विरोधात कुणी नाही. ठराव मंजूर. मल्लेशम, मी पडलो रे!" आणि रडता रडता इतके हसले की मला जिना चढून घरी पळून जावंसं वाटलं. काचेवर अण्णांचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. ते हसणंच होतं. त्याबद्दल मात्र आम्हाला सगळ्यांना खात्री होती.

पडलेला अध्यक्ष खुर्चीत बसत नाही. रेवणप्पा गटार ओलांडून पलीकडं गेले आणि फोन उचलून त्याच्या जागी पायरीवर बसले. नवीन अध्यक्ष म्हणून मल्लेशमअण्णांची निवड तिथंच झाली. अण्णा "लेदू" म्हणाले, पण ते धरण्यात आलं नाही.

त्यानंतरही आम्ही भिवंडीला फोन लावून बघितला. कधी अण्णा झोपलेले असतात, कधी काचेकडं बघायलाच तयार नसतात. सून म्हणते, तो दिवस चांगला होता. तसे दिवस आता कमी येतात.

रविवार मात्र चुकत नाही. रेवणप्पा खुर्ची आणून मांडतात, फडक्यानं तिचे हात पुसतात, आणि गटार ओलांडून समोरच्या पायरीवर जाऊन बसतात. सभा तहकूब करायची नाही, कारण तो अधिकार अध्यक्षांचा. अर्ध्या तासाच्या आत उठायचंही कारण उरलेलं नाही. दिवे लागतात, सत्तारभाई दुकानाचं शटर ओढून "चलता हूँ, चेअरमनसाब" म्हणतात, आणि हे त्यांना सुधारून सांगतात, "चेअरमन यायचे हायत अजून."

परवा मी वाटी घेऊन खाली गेले आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. समोर रिकामी खुर्ची.

"काका, अध्यक्ष हजर नसतील तर हजर सभासदांपैकी कुणालाही त्या सभेपुरता अध्यक्ष करता येतो. असा नियम आहे ना?"

"हाय की."

"मग बसा की खुर्चीत. किती वेळ पायरीवर बसणार? दगड गार पडलाय."

त्यांनी चटणी तळहातावर घेतली, पण खाल्ली नाही.

"त्याला सूचक लागतोय, मॅडम, आनि अनुमोदक लागतोय," ते म्हणाले. "सूचक मी हाय." मग गल्लीच्या शेवटाकडं, कुलूप लावलेल्या घराकडं बघत म्हणाले, "अनुमोदक कुटनं आनू?"